साइड रॉडच्या पोटावरचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे. जुनं म्हणजे किती, ते माझ्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण पाटीवर सगळंच लिहिलेलं नसतं. गेल्या वर्षापर्यंत माझ्या अंगावर ऑइल पेंटचे बेचाळीस थर होते, दर वर्षाचा एक. ते कुणी रागानं फासलेले नव्हते, प्रेमानंच दिलेले होते. पण त्या प्रेमाखाली माझं बरंच काही बुजून गेलं होतं. त्यातली एक गोष्ट पुन्हा वर कशी आली, ते आज तुम्हाला सांगतो.

हल्ली माझा मुक्काम लोअर परळला, एका छोट्या रेल्वे संग्रहालयाच्या अंगणात आहे. तोंड फाटकाकडे, पाठ कारखान्याच्या भिंतीकडे. समोर पूर्वी गिरणीचं धुराडं दिसायचं. आता तिथं काचेची उंच इमारत आहे आणि दुपारी तिच्यावरचं ऊन परतून माझ्या तोंडावर येतं. शाळांच्या सहली येतात, मुलं माझ्या पायरीवर चढून फोटो काढतात. परवा एक गृहस्थ आपल्या मुलीला सांगत होते की हे इंजिन मुंबईहून पुण्याला तीन तासांत जायचं. मित्रांनो, मी पुणं कधी पाहिलंही नाही. मी गोदीतलं शंटिंगचं इंजिन, म्हणजे मालाचे डबे इकडून तिकडे ढकलणारं. वेग म्हणाल तर सायकलवाला मला मागे टाकून जायचा, आणि जाताना वर हात करून हसायचा.

माझा जन्म १९२२ सालचा, विलायतेतल्या एका थंड गावातला. तुकडे तुकडे करून मला खोक्यांत भरलं, बोटीवर चढवलं आणि माझगावच्या गोदीत आणून पुन्हा जोडलं. तिथून पुढची पंचावन्न-सत्तावन्न वर्षं मी कापसाच्या गासड्या ओढल्या, गव्हाची पोती ओढली, आखातातून आलेल्या खजुराच्या पेट्या ओढल्या. खजुराच्या दिवसांत माझ्या मागे माश्यांची पलटण असायची. पावसाळ्यात चाकं जागच्या जागी फिरायची, मग माणसं रुळांवर वाळू टाकत माझ्यापुढे चालायची. काम मोठं नव्हतं, पण माझ्यावाचून अडायचं, आणि ज्याच्यावाचून अडतं त्याची विचारपूस होते. मला तेवढी पुरत असे.

दर चार-पाच वर्षांनी मला परळच्या एका कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला नेत. तिथं माझा नट न् नट सुटा व्हायचा. १९७१ साली मी असाच तिथं पडलो होतो आणि तेव्हाच आनंदा माझ्या आयुष्यात आला.

आनंदा होता खलाशी. कारखान्यातला खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. जड वस्तू उचलायच्या, पुसायच्या, फिटरच्या हाताखाली राबायचं, हे त्याचं काम. फिटर होता दत्ताराम, मालवणकडचा. चांगला कारागीर, पण वय झालं होतं आणि उजवा हात थरथरायला लागला होता. आता माझ्या चाकांना एकमेकांशी जोडणारा एक लांब पोलादी दांडा असतो, त्याला साइड रॉड म्हणतात. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. चाकाला तो जिथं जोडतात तिथं पितळेचं बेअरिंग असतं. ते नीट बसावं म्हणून त्याला निळा रंग लावायचा, फिरवून बघायचं, आणि जिथं रंग घासला जाईल तिथला केसाएवढा उंचवटा हातानं तासायचा. पुन्हा रंग, पुन्हा तासणं. ज्याचा हात थरथरतो त्याचं हे काम नाही. म्हणून दत्ताराम शेजारी स्टुलावर बसून विड्या ओढायचा आणि तासायचा आनंदा. अकरा दिवस त्यानं ते काम केलं. मी खात्रीनं सांगतो, विलायतेतल्या माणसांनीसुद्धा मला इतक्या हळुवार हातानं जोडलं नव्हतं.

आता कारखान्याची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जो फिटर बेअरिंग बसवील त्यानं आपला बिल्ला नंबर दांड्यावर पंचनं, म्हणजे टोकाला आकडा कोरलेल्या पोलादी खुंटीनं, ठोकायचा. पुढे बेअरिंग तापलं तर कुणाला पकडायचं ते साहेबाला कळावं, म्हणून ही सोय. पण फिटर लोकांनी त्या सोयीचा मान करून टाकला होता. अंगावर नंबर ठोकलेली इंजिनं देशभर फिरत, आणि कुठल्या कुठल्या इंजिनावर आपला नंबर आहे ते फिटर चहा पिताना मोठ्या तोऱ्यात सांगत. खलाशानं मात्र नंबर ठोकायचा नाही, असा नियम होता. ठोकला तर चार्जशीट, त्याला आणि ठोकू देणाऱ्यालाही.

दत्तारामनं आपला २०३ दोन्ही दांड्यांच्या दर्शनी बाजूला ठोकला, पण त्याला ते काही गोड लागेना. दोन दिवस तो विडीसुद्धा नीट ओढत नव्हता. मग खंडेनवमीच्या सकाळी त्यानं तीन पंच आणि हातोडी फडक्यात गुंडाळून आनंदाच्या हातात दिली.

“काम तुजां आनि नंबर माजो? ह्यां बरां नाय, आनंदा,” तो म्हणाला. “मी झांजा वाजवतंय. तू ठोकून घे.”

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि त्या एका दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात. माझ्या तोंडाला झेंडूचा हार होता, पुढे नारळ, उदबत्त्या आणि आरतीला जमलेली ही गर्दी. आनंदा आरतीत नसायचा. त्याच्या घरी छप्पन्न सालापासून देव नव्हते, बुद्ध होता. त्याचा कुणाशी वाद नव्हता. तो आदल्या दिवशी मला लख्ख पुसून ठेवायचा आणि त्या दिवशी बाजूला हात बांधून उभा राहायचा. त्या वर्षी त्याची बायको शेवंती पहिल्यांदाच कारखान्यात आली होती. एकवीस वर्षांची असेल, पांढरं लुगडं, कडेवर वर्षाचा मुलगा, त्याचं नाव गौतम. दारातून आत शिरली ती थेट माझ्या तोंडासमोर आली आणि एवढा मोठा लोखंडी प्राणी बघून मागे सरकली. आनंदानं तिचा मोकळा हात धरला आणि तिला माझ्या कडेनं मागच्या चाकापाशी नेलं.

आरती टिपेला गेली. दत्ताराम झांजा फोडायच्या बेतानं वाजवत होता. आनंदा गुडघ्यावर बसला, दांड्याच्या पोटाला, म्हणजे खालच्या अंगाला, पंच लावला आणि खालून वर ठोका मारला. असा ठोका कधी जोरात बसत नाही. चार उमटला. एक उमटला. तिसऱ्या ठोक्याला त्यानं हातोडी उचलली आणि त्याच घटकेला पोर दचकून रडायला लागलं. आनंदानं वळून वर पाहिलं, पंच कलला आणि सात वाकडा बसला. ४१७. हा त्याचा बिल्ला नंबर. मग त्यानं शेवंतीचा हात खाली नेऊन तिचं बोट त्या तीन आकड्यांवरून फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, त्यालाही चौथीपुरतंच येत होतं. पोर मात्र रडतच होतं.

पुढे आठ वर्षं गेली, अठरा गेली असती तरी ते बेअरिंग तापलं नसतं. १९७९ साली माझी नोकरी संपली. तीन वर्षं मी आवाराच्या कोपऱ्यात पडून होतो. धुराड्यात पिंपळ उगवला, भट्टीत मांजर व्यायली. कारखान्यातल्या कामगारांनाच ते बघवेना. त्यांनी साहेबांकडे खेटे घालून मला भंगारातून सोडवलं, फाटकाजवळ चौथरा बांधून त्यावर उभं केलं आणि दर खंडेनवमीला मला नवा रंग द्यायला सुरुवात केली. एका वर्षी काळा, एका वर्षी हिरवा, एकदा तर रंग उरला होता म्हणून चंदेरी. आनंदा होता तोवर तो दांड्याच्या पोटाला तेवढ्या जागी गुपचूप ग्रीस चोपडायचा, म्हणजे तिथं रंग धरायचा नाही. १९९४ ला तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी कुणा मोठ्या पाहुण्यांची भेट ठरली आणि माझ्या अंगावरचे सगळे खड्डे पुट्टीनं भरून मला गुळगुळीत केलं. ४१७ पण भरला. आनंदा फाटकाच्या गजांबाहेर उभा राहून ते बघत होता. सांगणार कुणाला? आणि काय म्हणून? मग तो घरी गेला.

उतारवयात माणसाचा जिभेवरचा ताबा सुटतो. आयुष्यभर पोटात ठेवलेलं गुपित आनंदा मग चाळीत सगळ्यांना सांगायला लागला. त्या इंजिनावर माझा नंबर आहे, बघून या, सात वाकडा आहे. चाळीतली माणसं वाईट नव्हती, पण थट्टेला विषय मिळाला तर कोण सोडतं? आनंदा इंजिनवाला असं नाव पडलं. पोरं गौतमला विचारत की बाबांचं इंजिन आज किती वाजता सुटणार. सात वाकडा का, असं कुणी विचारलं तर आनंदा नुसता गालात हसायचा. ते त्यानं कधीच सांगितलं नाही.

१९९६ मध्ये तो गेला. महिन्याभरानं, आईला न सांगता, सव्वीस वर्षांचा गौतम कारखान्याच्या फाटकावर आला, वडील इथं होते असं सांगून त्यानं दहा मिनिटं मागून घेतली. तो माझ्याभोवती फिरला, वाकला, दांड्यांच्या खालून हात फिरवला. एकदा तर त्याची बोटं नेमकी त्या जागेवरून गेली. खाली पुट्टी, वर रंग; त्याच्या हाताला गुळगुळीतच लागलं. मला वाचा असती तर मी तेव्हा ओरडलो असतो. माझी शिटीसुद्धा कुणीतरी केव्हाच काढून नेली होती. गौतमनं रुमालानं हात पुसले आणि निघून गेला. बाप खोटं बोलला, असं त्याच्या मनात त्या दिवशी बसलं. तो तसं कधी म्हणाला नाही, पण वडिलांचा विषय निघाला की उठून जायला लागला.

आता गेल्या वर्षाकडे येतो. मला चौथऱ्यावरून उचलून ह्या संग्रहालयात आणायचं ठरलं आणि उद्घाटनाआधी मला अगदी नवं करायचा ठेका दिला गेला. त्यात असं होतं की अंगाचा रंग काढायचा, पुन्हा द्यायचा, आणि दोन्ही साइड रॉड मात्र ग्राइंडरनं घासून आरशासारखे चमकवायचे. ग्राइंडर म्हणजे दगडाची चकती, विजेवर गरगर फिरणारी. खालून वर मारलेला हलका ठोका तिच्यापुढे किती टिकणार? दोन फेऱ्यांत सपाट. कारखान्यातर्फे त्या कामावर देखरेखीला जी मुलगी आली ती पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या आनंदासारख्या भुवया बघूनच मी ओळखलं. ती अनुजा होती, गौतमची मुलगी. आयटीआय करून, परीक्षा देऊन ती ह्याच कारखान्यात लागली होती. खलाशी म्हणून नव्हे मित्रांनो, फिटर म्हणून.

तिची आजी शेवंती आता चौऱ्याहत्तरची. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा अधू. ग्राइंडरचं ऐकल्यावर म्हातारीनं जेवण सोडलं नाही की रडली नाही, पण नातीला एवढंच म्हणाली की घासायच्या आधी तो नंबर शोध, मला एकदा बोट लावायचंय. अनुजानं कुठं शोधू विचारलं. आजीनं क्षणभरही विचार केला नाही. उजव्या हाताला, मागच्या चाकापाशी, दांड्याच्या पोटाला.

अनुजानं संग्रहालयाच्या मॅडमना विचारून परवानगी काढली. पेंट रिमूव्हर, प्लॅस्टिकची पट्टी आणि जुना टूथब्रश घेऊन ती तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या उजव्या अंगाखाली आडवी पडली. हळूहळू एकेक थर उतरवत ती नितळ पोलादापर्यंत पोचली. दर्शनी बाजूला दत्तारामचा २०३ निघाला तेव्हा तिचा चेहरा उजळला. पण पोटाला काहीच नव्हतं. असणार कसं? मित्रांनो, आम्हा रेल्वेवाल्यांची एक सवय आहे. इंजिनाचं डावं-उजवं आम्ही ड्रायव्हरच्या जागी उभं राहून, धुराड्याकडे तोंड करून मोजतो. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसवतात आणि पुढे जन्मभर तो दुसरा विचारच करत नाही. अनुजानंही केला नाही. आजीनं सांगितलेलं उजवं तिनं माझ्या उजव्या अंगाला लावलं. आजी मात्र त्या दिवशी माझ्या पाठीवर नव्हती चढली, माझ्या तोंडासमोर उभी होती. समोर उभं राहणाऱ्याचं उजवं ते माझं डावं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. पोर एका अंगाला खरवडत होती आणि नंबर दुसऱ्या अंगाला, तिच्यापासून सहा फुटांवर.

तिसऱ्या दिवशी गौतम तिला बघायला आला. दादरच्या एका ऑफिसात तो नोकरी करतो, डबा घेऊन तसाच आला होता. ती हात काळे करून माझ्याखालून बाहेर आली आणि तिनं मान हलवली. दुसरं अंगही बघावं असं तिच्या मनात आलं होतं, मला ते तिच्या नजरेवरून कळत होतं. पण बापाचा चेहरा बघून तिनं टूथब्रश खिशात ठेवला.

“सोड आता, अनू,” गौतम म्हणाला. “मी पण शोधलाय एकदा. आजीला सांग, गंजून गेला. तिला बरं वाटेल.”

“खोटं सांगू?”

“मग खरं काय सांगणार?”

तिनं रिमूव्हरच्या डब्याचं झाकण लावलं. त्या दुपारी ठेकेदाराकडे काम करणाऱ्या निलेशनं माझा उजवा दांडा घासून चकचकीत केला. मुलगा कामसू, हात स्वच्छ. जाताना त्यानं अनुजाला सांगितलं की डावा उद्या सकाळी घेतो.

मी शंभरीतलं इंजिन. माझ्या बॉयलरात आगी पेटल्या आहेत, गोदीत एकदा शेजारी जहाज जळलेलं मी पाहिलंय. पण त्या सकाळी निलेशनं ग्राइंडरची पिन लावली तेव्हा मला जी भीती वाटली ती कधी वाटली नव्हती. लोखंड कमी होणार म्हणून नव्हे. ते कितीदा कमी झालंय. मला भीती होती ती अशी, की त्या घराला आयुष्यभर वाटत राहणार, आनंदा खोटारडा होता. आणि खरं काय ते माझ्या एकट्याच्या पोटात राहणार. निलेश पुढच्या चाकापासून सुरू झाला. ठिणग्या उडत होत्या. मागचं चाक चार हातांवर होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. गौतम आईचा दंड धरून तिला आत आणत होता. नंबर गंजून गेल्याचं त्यानंच तिला सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती की नंबर नसला तर नसू दे, मला इंजिनाला बघून येऊ दे. निलेशनं म्हातारं माणूस येताना पाहिलं, ठिणगी उडायला नको म्हणून ग्राइंडर बंद केला आणि बाजूला झाला. मित्रांनो, त्या मुलाच्या त्या रीतभातीचे माझ्यावर उपकार आहेत.

शेवंती फाटकातून सरळ चालत आली आणि माझ्या तोंडासमोर उभी राहिली. अगदी तशीच, तेवढ्याच अंतरावर. मग तिनं डावं कोपर कमरेपाशी दुमडलं, जरा एका बाजूला कलली, जसं कडेवर मूल घेतलेली बाई कलते. गौतमला वाटलं आईची कंबर धरली. तो खुर्ची आणायला वळला.

“थांब,” ती म्हणाली. “तू इथं होतास. ह्या कडेवर.”

आणि मोकळा उजवा हात पुढे धरून, कुणीतरी तो धरलाय अशा बेतानं, ती माझ्या कडेनं चालू लागली. डाव्या अंगानं. अनुजा आधी नुसती बघत राहिली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. धावत जाऊन तिनं रिमूव्हरचा डबा आणला.

शेवंती मागच्या चाकापाशी थांबली. तिला वाकवत नव्हतं. तिनं दांड्याला धरून बोट खाली घातलं आणि म्हणाली, इथं. त्या जागी गुळगुळीत रंगच होता. गौतम हळूच “आई” म्हणाला, पण तिनं बोट काढलं नाही. अनुजा आडवी झाली. लाल उतरला, हिरवा उतरला, चंदेरी, काळा, पुन्हा हिरवा. मग पांढरी पुट्टी लागली आणि ती टूथब्रशनं घासायला लागली. निलेश टॉर्च धरून तिच्या शेजारी उकिडवा बसला होता.

“चार,” ती म्हणाली. पुष्कळ वेळानं म्हणाली, “एक.”

मग ब्रश नुसताच घासत राहिला. गौतमला राहवलं नाही. ऑफिसचा पांढरा शर्ट घातलेला तो चोपन्न वर्षांचा माणूस फरशीवर उताणा झोपला आणि मान वळवून वर बघायला लागला. तीस वर्षांचा रंग त्याच्या कपाळावर पडत होता.

“सात वाकडा आहे,” तो म्हणाला.

“असणारच,” शेवंती म्हणाली. “तू रडलास ना. ह्यांनी तुझ्याकडे बघितलं नि हात हलला. कुणाला सांगू नको म्हणाले होते. पोराला उगाच वाटेल, माझ्यामुळं बिघडला.”

गौतम तसाच पडून राहिला. त्यानं बोट वर नेलं आणि त्या वाकड्या सातावरून फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग तो रडला. वर्षाचा असताना रडला होता तेव्हा झांजा वाजत होत्या. आता अंगणात कसलाच आवाज नव्हता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. शेवंतीनं आपलं बोट त्याच्या बोटाशेजारी टेकवलं. तिला जे हवं होतं ते तिच्या बोटाखाली होतं.

निलेशनं डावा दांडाही चमकवला, पण मागच्या चाकापाशी एक वीत जागा सोडून. तिथं फक्त तेल आहे. मॅडमनी पाटीवर दत्ताराम आणि आनंदा, दोघांची नावं घालायचा कागद वर पाठवलाय. कागद वर गेला की त्याचा वेग माझ्यापेक्षाही कमी असतो, हे मी सायकलवाल्यांच्या साक्षीनं सांगू शकतो. पण अनुजा आहे, ती पाठपुरावा करते. ती आता नव्या शिकाऊ मुलांना डावं-उजवं शिकवते तेव्हा त्यांना आधी माझ्या पाठीवर चढवते आणि मग खाली उतरवून माझ्या तोंडासमोर उभं करते.

मित्रांनो, तुमच्याकडेही काही जुनं असेल. आजोबांची पेटी असेल, एखादं शिवणयंत्र असेल, कुणाच्या हातचा पाट असेल. त्याच्यावर माया करा, पण रंगाचा डबा उघडायच्या आधी त्याच्यावरून एकदा हात फिरवा, खालून, मागून, जिथं नजर जात नाही तिथूनही. आणि ज्यानं त्या वस्तूला आयुष्यभर हात लावलाय तो माणूस घरात असेल तर आधी त्याला विचारा. तो सांगेल ते पटलं नाही, तर जरा त्याच्या जागी जाऊन उभे राहा. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही. आम्ही फक्त जपून ठेवू शकतो, आणि तेही तुम्ही राहू दिलं तर.

गौतम आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. सोबत जुनं बनियन आणि तेलाची बाटली. आधी माझ्या तोंडासमोर उभा राहतो, मग डाव्या अंगानं मागे येतो, खाली बसतो आणि ती वीतभर जागा पुसतो. सहलीची मुलं भोवती गोळा होतात. परवा एका लहानग्या मुलीनं वाकून बघितलं आणि विचारलं, “काका, हा सात वाकडा का?”

“मी रडलो म्हणून,” गौतमनं तिला सांगितलं, आणि तो गालात हसला.